सिरीज बोर्डाशिवाय प्लग लावू नका
वाचकांचे प्रश्न : जुना स्टिरिओ

गेल्या अंकात जुन्या ॲम्प्लिफायर, टर्नटेबल आणि स्पीकरबद्दल प्रश्न मागवले होते. बहुतेकांनी सेट गॅरेजमध्ये मांडला आहे किंवा मांडणार आहेत. त्यामुळे उत्तरं देताना तिथली धूळ, दमट हवा आणि लोखंडी शटर लक्षात घेतलं आहे.

प्रश्न : काकांचा १९७८ च्या सुमाराचा, चॅनलला २५ वॅटचा स्टिरिओ ॲम्प्लिफायर कित्येक वर्षं माळ्यावर पडून होता. आता गॅरेजमध्ये आणला आहे. प्लग लावून बघू का? — नाशिक

उत्तर : अजून नाही. इतकी वर्षं बंद राहिलेल्या सेटमध्ये इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरच्या आतला ऑक्साइडचा थर झिजलेला असतो. एकदम २३० व्होल्ट दिले की कंडेन्सर जवळजवळ शॉर्ट झाल्यासारखा करंट ओढतो, तापतो, कधी फुटतो आणि जाताना डायोड नाहीतर ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातो. बाकी सगळे पार्ट बाजारात मिळतात, पण त्या सेटला बसणारा ट्रान्सफॉर्मर मिळत नाही. ही सगळी काळजी मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

आधी झाकण उघडा. माळ्यावरच्या सेटमध्ये हमखास सापडणाऱ्या गोष्टी म्हणजे हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या) पात्यांमध्ये कुंभारमाशीने केलेलं मातीचं घर, मेलेली पाल आणि उंदराने कुरतडलेली वायर. माती लाकडी काडीने काढा, धूळ रंगाच्या मऊ ब्रशने सोडवा आणि ब्लोअरने उडवा. उंदराच्या मूत्राचे डाग बोर्डवर असतील तर तिथलं तांबं हिरवं पडतं. ती जागा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने धुवा, पूर्ण वाळू द्या. मग बोर्डवरची तांब्याची एकेक रेघ (ट्रॅक) मल्टिमीटरच्या बझरवर तपासून बघा. मेन वायर कडक होऊन तडकली असेल तर ती आत्ताच बदला.

फ्यूज काढून हातात घ्या. पुष्कळ सेटमध्ये उडालेल्या फ्यूजवर कुणीतरी तांब्याची तार गुंडाळून ठेवलेली असते. तसं दिसलं तर समजा की सेट बंद पडायला कारण होतं आणि ते अजून आतच आहे. शॅसीवर (सेटच्या धातूच्या सांगाड्यावर) किंवा मागच्या पट्टीवर लिहिलेल्या अँपिअरचाच स्लो-ब्लो (सुरुवातीचा क्षणिक करंट सोसणारा) फ्यूज घाला. मागे व्होल्टेज सिलेक्टर असेल तर तो २२० किंवा २४० वर आहे याची खात्री करा. दोन्ही असतील तर २४० निवडा, कारण आपल्याकडे रात्री उशिरा २४५ व्होल्टही येतात.

आता सिरीज बोर्ड. कुठल्याही वायरमनकडे असतो, घरीही होतो : एक होल्डर, एक सॉकेट, आणि फेजची वायर होल्डरमधून जाऊन मग सॉकेटला. तुमच्या सेटसाठी ६० वॅटचा तारेचा बल्ब लावा. एलईडी बल्ब इथे चालत नाही, कारण करंट अडवण्याचं काम ती तारच करते. स्पीकर जोडू नका, व्हॉल्यूम शून्यावर ठेवा आणि स्विच टाका. बल्ब क्षणभर लख्ख पेटून मग मंद झाला किंवा विझल्यासारखा दिसला, तर ठीक. भडक पेटून तसाच राहिला तर लगेच बंद करा. आत शॉर्ट आहे : बहुधा ब्रिज रेक्टिफायर नाहीतर आउटपुट ट्रान्झिस्टर.

मंद बल्बवर सेट अर्धा तास तसाच चालू ठेवा. या वेळात कंडेन्सरचा थर पुन्हा बसायला सुरुवात होते. कुणाकडे डिमरस्टॅट (व्होल्टेज हवं तसं कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) असेल तर अधिकच चांगलं. बल्ब सिरीजमध्ये ठेवूनच ४० व्होल्टपासून दोन-तीन तासांत हळूहळू वर न्या. मधेमधे वास घ्या. सेट बंद करून, प्लग काढून कंडेन्सरला बोट लावून पाहा. कोमटपेक्षा जास्त गरम लागला तर तो बदलायचाच आहे. आत काहीही सोल्डर करायच्या आधी मोठे फिल्टर कंडेन्सर १०० ओम ५ वॅटच्या रेझिस्टरने दोन-तीन सेकंद धरून रिकामे करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामे करणं बाजारात सर्रास चालतं, पण त्याने कंडेन्सरही दुखावतो आणि बोर्डही.

स्पीकर जोडण्याआधी एक माप चुकवू नका. मल्टिमीटर डीसीच्या २ व्होल्ट रेंजवर ठेवून प्रत्येक चॅनलच्या स्पीकर टर्मिनलवर लावा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निर्धास्त व्हा. १०० च्या वर गेलं तर कारण शोधा. कित्येक व्होल्ट दिसले तर त्या चॅनलला स्पीकर लावणं म्हणजे व्हॉइस कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) जाळणं. त्या काळच्या बऱ्याच सेटमध्ये आउटपुटला १००० ते २२०० मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर सिरीजमध्ये असतो. तसा असेल तर सुरू करताना स्पीकरमधून ‘धप’ येणं स्वाभाविक आहे. तिथे टर्मिनलऐवजी कंडेन्सरच्या आधीचं व्होल्टेज मोजा, ते सप्लायच्या साधारण निम्मं हवं. प्रोटेक्शन रिले (स्पीकर वाचवणारा आपोआप चालणारा स्विच) असलेला सेट सिरीज बल्बवर ‘टक’ करत नाही, व्होल्टेज कमी पडतं म्हणून. तेवढ्यावरून रिले खराब ठरवू नका. बल्ब काढून थेट मेनवर ही मापं पुन्हा घ्या आणि पहिला आवाज एखाद्या स्वस्तातल्या, गेला तरी चालेल अशा स्पीकरवर ऐका.

प्रश्न : टर्नटेबल लावलं की स्पीकरमधून सतत हमिंग येतं. दुकानदार म्हणतो सगळे कंडेन्सर बदला. — सांगली

उत्तर : सगळे बदलण्याआधी व्हॉल्यूम शून्यावर आणा. तरीही हमिंग तेवढंच राहिलं तर दोष व्हॉल्यूम कंट्रोलच्या पुढे आहे. बहुधा फिल्टर कंडेन्सर सुकले आहेत, आणि हे हमिंग सेकंदाला १०० सायकलचं, जरा टोकदार असतं. व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त झालं तर कंडेन्सरला दोष देऊ नका. दोष टर्नटेबल, त्याच्या वायरी किंवा फोनो स्टेजमध्ये आहे, आणि हे हमिंग ५० सायकलचं, जाडसर असतं.

तुम्ही लिहिता की टर्नटेबल लावल्यावरच येतं, म्हणजे दुसरीच शक्यता. मॅग्नेटिक कार्ट्रिज (टोनआर्मच्या टोकाचा, सुई बसवलेला भाग) जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट देतं, त्यामुळे फोनो स्टेज ते शेकडो पटींनी वाढवते आणि त्याबरोबर आजूबाजूचं सगळंच वाढतं. टोनआर्मच्या धातूला बोट लावा. हमिंग बदललं तर टर्नटेबलमागून येणारी बारीक हिरवी किंवा काळी ग्राउंडची वायर ॲम्प्लिफायरच्या जीएनडी स्क्रूला लागलेली नाही, किंवा आत तुटली आहे. वायर नीट असेल तर हेडशेलच्या चार पिना आणि आरसीए प्लग अल्कोहोलने पुसा. टर्नटेबल ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवलं असेल तर दोन फूट बाजूला न्या, कारण खालचा ट्रान्सफॉर्मर थेट कार्ट्रिजमध्ये बोलतो. केबल टीव्हीची किंवा कॉम्प्युटरची वायर ॲम्प्लिफायरला जोडलेली असेल तर ती काढून ऐका. आवाज थांबला तर ग्राउंड लूप (दोन उपकरणांच्या ग्राउंडमधून फिरणारा करंट) आहे. त्यावर उपाय म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कापणारे लोक भेटतील. ते कधीही करू नका, गॅरेजच्या ओल्या फरशीवर तर मुळीच नाही.

खरोखर फिल्टर कंडेन्सर बदलायची वेळ आली तर मायक्रोफॅरड तेवढेच किंवा दीडपट घ्या आणि व्होल्टेज एक पायरी वर. ४७०० मायक्रोफॅरड ५० व्होल्टच्या जागी ४७०० किंवा ६८०० मायक्रोफॅरड ६३ व्होल्ट, १०५ डिग्रीचा. दहापट मोठा घातला तर सुरू होताना डायोडवर ताण येतो आणि आवाजात काही मिळत नाही.

प्रश्न : डावा चॅनल मधेच जातो, व्हॉल्यूम फिरवला की खरखर होते आणि आवाज परत येतो. — अमरावती

उत्तर : हा संपर्काचा दोष आहे, पार्ट जळल्याचा नाही. आधी मागच्या आरसीए वायरी डाव्या-उजव्या अदलाबदल करा. बंद चॅनल बाजू बदलला तर दोष ॲम्प्लिफायरच्या बाहेर आहे. तसाच राहिला तर आत आहे आणि तुम्ही दिलेल्या खुणेवरून बहुधा व्हॉल्यूम कंट्रोलमध्येच. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात प्लॅस्टिकला चालणारा कॉन्टॅक्ट क्लीनर मिळतो. त्याची नळी कंट्रोलच्या पायांजवळच्या फटीत घालून अगदी थोडा फवारा मारा आणि सेट बंद ठेवून नॉब पंचवीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे इथे वापरू नका. आज खरखर थांबते, पण तेल कार्बनच्या पट्टीवर बसतं आणि त्यावर धूळ.

तेच काम बॅलन्स, टोन कंट्रोल आणि विशेषतः टेप मॉनिटरच्या (टेप डेककडून येणारा आवाज ऐकायच्या) बटणाला करा. टेप मॉनिटर वर्षानुवर्षं कुणी दाबत नाही, आतले चांदीचे संपर्क काळे पडतात आणि सगळा आवाज त्यातूनच जातो. एरवी ते बटण चुकून आत दाबलं गेलं असेल तर दोन्ही चॅनल गप्प होतात. ‘सेट मेला’ म्हणून दुरुस्तीला आणलेल्यांपैकी काही तेवढ्यानेच जिवंत होतात. स्पीकर रिलेचे संपर्क काळे असतील तर जाडसर कागदाची पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून मधून ओढा. पॉलिश पेपर लावलात तर वरचा मुलामाच निघून जाईल.

प्रश्न : अमेरिकेतून परत येताना तिथलं जुनं बेल्टचं टर्नटेबल आणलं. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालतं, पण गाणी जड आणि उतरलेली वाटतात. बेल्ट सैल झाला का? — पुणे

उत्तर : बेल्ट नाही. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरतं, फ्रिक्वेन्सी तीच राहते. तिकडे ६० सायकल, इकडे ५०. सिंक्रोनस मोटर सायकलच्या तालावरच फिरते, म्हणून ३३⅓ च्या जागी तुमची तबकडी मिनिटाला साधारण २७.८ फेरे घेते आहे. तीन मिनिटांचं गाणं ३ मिनिटं ३६ सेकंद चालेल आणि काळी एकमध्ये गायलेलं खालच्या काळी पाचच्याही जरा खाली ऐकू येईल. पेटी घेऊन ताडून बघा, निदान पक्कं होईल.

उपाय पुलीचा. त्या मॉडेलची ५० सायकलची पुली मिळाली तर प्रश्न मिटला. नाहीतर लेथवर पितळेची करून घ्या. इथे एक बारकावा सांभाळावा लागतो. नुसता व्यास १.२ ने गुणून भागत नाही, बेल्टची जाडी हिशेबात घ्यावी लागते. जुन्या पुलीचा व्यास १० मिमी आणि बेल्ट ०.५ मिमी असेल तर (१० + ०.५) × १.२ = १२.६, त्यातून ०.५ वजा करून १२.१ मिमी. ४५ ची पायरी असेल तर तिचाही असाच हिशेब करा. मधोमध हलका फुगवटा ठेवायला सांगा, नाहीतर बेल्ट घसरतो. शाफ्टचं भोक सैल झालं तर पुली डुलते आणि लांब स्वर थरथरतात, त्यामुळे हे काम अनुभवी टर्नरकडेच द्या. नंतर ५० सायकलच्या स्ट्रोबोस्कोपने तपासा. ३३⅓ साठी १८० खुणांचं वर्तुळ, मेनवरच्या निऑनखाली, स्थिर दिसलं पाहिजे.

डीसी सर्वो मोटरच्या किंवा क्वार्ट्झच्या टर्नटेबलला हा प्रश्न येत नाही. जपानच्या घरगुती बाजारातला सेट असेल तर मात्र त्याला १०० व्होल्ट लागतात. ११० च्या टॅपवर तो चालतो, पण दहा टक्के जास्त खाऊन.

प्रश्न : आजोबांच्या नाट्यसंगीताच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या स्टिरिओ टर्नटेबलवर लावल्या तर सुई खराब होईल का? — रत्नागिरी

उत्तर : सुई खराब होईलच, आणि ऐकायलाही काही मिळणार नाही. एलपीच्या सुईचं टोक साधारण १८ मायक्रॉनचं, ७८ ला लागतं सुमारे ७५ मायक्रॉनचं. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी, तबकडीत मिसळलेल्या दगडाच्या भुकटीत आणि साचलेल्या कचऱ्यात घासत जाते, म्हणून नुसती खसखस ऐकू येते. बऱ्याच मॅग्नेटिक कार्ट्रिजना वेगळी ७८ ची सुई बसते. ती घ्या, वजन ३ ते ५ ग्रॅमच्या दरम्यान, सुईबरोबरच्या कागदावर लिहिलं असेल तेवढं ठेवा. ती लावून एलपी मात्र चुकूनही वाजवू नका.

ॲम्प्लिफायरचं मोड बटण मोनोवर करा. या तबकड्यांत आवाज फक्त आडव्या हालचालीत कोरलेला आहे. मोनोवर उभ्या हालचालीचा सगळा खडखडाट परस्पर कटतो. फरक इतका मोठा आहे की पहिल्यांदा ऐकणारा थक्क होतो. फोनो स्टेजमधली बेस-ट्रेबलची भरपाई १९५० च्या दशकात ठरलेल्या आरआयएए (अमेरिकी रेकॉर्ड कंपन्यांची संघटना) प्रमाणाची असते, या तबकड्या बहुतेक त्याआधीच्या. त्यामुळे आवाज बुजलेला येतो. ट्रेबल थोडा वर, बेस थोडा खाली, इतकं पुरतं. १९२५ च्या आधीच्या, मायक्रोफोनशिवाय भोंग्यासमोर गाऊन केलेल्या तबकड्यांचा वेग नेमका ७८ असतोच असं नाही. गायकाची पट्टी माहीत असेल तर पिच कंट्रोलने जुळवा.

धुण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगितलंच पाहिजे. ७८ ची तबकडी लाखेची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एलपीसाठी आणलेला अल्कोहोलवाला क्लीनर किंवा सॅनिटायझर एकदाच लावलात तर खाचा कायमच्या जातील. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या सौम्य लिक्विडचे दोन-तीन थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने गोल. लेबल कोरडं ठेवा. मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने धुऊन सावलीत उभी वाळवा.

प्रश्न : आउटपुटचे २एन३०५५ ट्रान्झिस्टर उडाले म्हणून नवे बसवले. दहा मिनिटांत तेही गेले. — सोलापूर

उत्तर : ट्रान्झिस्टर एकटा क्वचित जातो. तो जाताना मागचा ड्रायव्हर (त्याला चालवणारा लहान ट्रान्झिस्टर) आणि एमिटरचा लहान ओमचा रेझिस्टर घेऊन जातो, आणि ते न तपासता नवा घातला की त्याचीही तीच गत. त्या चॅनलचे दोन्ही आउटपुट, दोन्ही ड्रायव्हर आणि ०.२२ ते ०.५ ओमचे दोन्ही रेझिस्टर बोर्डवरून उचलून मोजा. बायसचा (आवाज नसतानाही आउटपुटमधून वाहणारा थोडा करंट ठरवणारा) ट्रिमर जुना, उघडा असेल तर सरळ नवा घाला. त्याचा संपर्क क्षणभर तुटला तरी बऱ्याच सर्किटमध्ये बायस एकदम वर जातो.

आता मायका, म्हणजे ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक यांच्यामधला अभ्रकाचा पातळ तुकडा. या ट्रान्झिस्टरचं लोखंडी आवरण म्हणजेच कलेक्टर (त्याच्या तीन टोकांपैकी एक). मायकाला चीर गेली, स्क्रूचं प्लॅस्टिक बुश राहिलं किंवा हीटसिंकच्या भोकाशी तांब्याचा कण अडकला की सप्लाय थेट शॅसीवर येतो. मायकाच्या दोन्ही बाजूंना हीटसिंक पेस्टचा अगदी पातळ हात द्या, स्क्रू आवळा आणि मग आवरण ते हीटसिंक मल्टिमीटरवर बघा. काहीही वाजता कामा नये. दुसऱ्यांदा उडालेले ट्रान्झिस्टर करवतीने उघडून पाहा. आतली चकती तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान असेल तर माल नकली होता. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची बुधवार पेठ, दर नेहमीपेक्षा फारच कमी सांगितला तर घेऊ नका.

सुरू करताना पुन्हा सिरीज बल्ब, स्पीकर नाही. एमिटर रेझिस्टरच्या दोन टोकांवर मिलिव्होल्ट मोजा. सर्व्हिस मॅन्युअल नसेल तर लहान सेटला २० मिलिअँपिअर सुरक्षित धरा. ०.४७ ओमवर ते ९-१० मिलिव्होल्ट होतात, ०.२२ वर ४-५. मग बल्ब काढून पंधरा मिनिटं गरम होऊ द्या आणि पुन्हा जुळवा. वर चढतच राहिलं तर बायसचा डायोड किंवा ट्रान्झिस्टर हीटसिंकला नीट चिकटलेला नाही.

प्रश्न : मोबाइल जुन्या ॲम्प्लिफायरला जोडता येतो का? — ठाणे

उत्तर : येतो. ऑक्स, टेप किंवा ट्यूनर यांपैकी कुठेही. फोनोला नको, आवाज फाटेल. मागे पाच पिनांचं गोल डिन सॉकेट असेल तर टेपच्या सॉकेटमध्ये पिन ३ डावा, ५ उजवा, २ ग्राउंड.

प्रश्न : गॅरेज १० × १८ फूट, पुढे रोलिंग शटर. स्पीकर कुठे ठेवावेत? आणि कोनभोवतीचा फोम हात लावला की चुरा होतो. — पनवेल

उत्तर : स्पीकर आतल्या दहा फुटी भिंतीशी, शटरकडे तोंड करून. मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे, एकमेकांत सहा फूट अंतर, ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. खाली सिमेंटचा ब्लॉक, त्यावर कडप्प्याचा तुकडा, मध्ये रबरी पट्टी. अठरा फुटांच्या लांबीत साधारण ३१ सायकलला आणि दहा फुटांच्या रुंदीत ५६ सायकलला हवा घुमते. त्यातली ५६ ची घूम तबल्याच्या डग्ग्यात खटकते. खुर्ची नेमकी मध्यावर किंवा शटरला टेकून न ठेवता दोन-तीन फूट पुढेमागे करून जागा ठरवा. समोरासमोरच्या प्लॅस्टर भिंतींमुळे टाळी वाजवली की फडफड ऐकू येते. एका बाजूला जाड गोधडी किंवा पुस्तकांचं कपाट, खाली सतरंजी, एवढ्याने ती बरीच जाते. शटर बेसबरोबर खडखडत असेल तर ते ज्यात सरकतं त्या दोन्ही बाजूंच्या लोखंडी खाचांमध्ये फेल्टची पट्टी घाला. टर्नटेबल स्पीकरच्या टेबलावर ठेवू नका. वेगळा, भिंतीत ठोकलेला ब्रॅकेट उत्तम.

फोम पॉलियुरेथेनचा असतो आणि दमट हवेत तो गळतोच. स्पीकर फेकू नका. कोन फाटला नसेल आणि व्हॉइस कॉइल घासत नसेल तर नवा फोम बसवता येतो. ‘आठ इंची’ एवढं सांगून फोम मागवू नका. कोनचा बाहेरचा व्यास आणि फ्रेमच्या चिकटवायच्या कडेचा आतला व बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये कळवा. जुना फोम आणि गोंद अल्कोहोलने भिजवून नखाने खरवडा. मधली टोपी कापून काढा आणि कॉइलच्या फटीत जुन्या फोटो फिल्मच्या चार पट्ट्या चार बाजूंना सरकवा. त्यामुळे कोन मधोमध राहतो. सुकल्यावर लवचिक राहणारा पांढरा गोंद वापरा, झटपट चिकटणारा नको. आधी कोनला, तो धरल्यावर फ्रेमला. २४ तासांनी पट्ट्या काढून कोन दोन्ही हातांच्या बोटांनी सरळ आत-बाहेर हलवून ऐका. जराही घासलं तर फ्रेमकडचा जोड सोडवून पुन्हा बसवा. मगच टोपी चिकटवा.

स्पीकर उघडलाच आहे तर क्रॉसओव्हरमधले (जाड-बारीक स्वर वेगवेगळ्या स्पीकरकडे पाठवणाऱ्या सर्किटमधले) बायपोलर कंडेन्सरही बदलून घ्या. मायक्रोफॅरड तेवढेच, बहुधा २.२ ते १० मायक्रोफॅरडच्या दरम्यान. साधा, + आणि − ठरलेला इलेक्ट्रोलिटिक तिथे चालत नाही. पावसाळ्यात गॅरेज आठवडा-आठवडा बंद राहत असेल तरी ते उघडून सेट दोन दिवसांतून एकदा तासभर चालू ठेवा. आतली ऊब ओल धरू देत नाही आणि बुरशीपासून स्पीकरचे कागदी कोन वाचवायचे असतील तर कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवू नका.